घराण्याचा मागोवा आणि दप्तरातील शब्द

आपले घराणे मूळचे कोणत्या गावचे, या गावात ते केव्हा आले, आपल्या खापरपणजोबांचे नाव काय, हे प्रश्न बहुतेक कुटुंबांत केव्हा ना केव्हा विचारले जातात. वडीलधारी माणसे तीन-चार पिढ्यांपर्यंतची नावे सांगतात. त्यापुढे मात्र आठवण खुंटते आणि कागद बोलू लागतो. जमिनीचा जुना उतारा, शाळेच्या दाखल्याची नक्कल, क्षेत्रोपाध्यांच्या वहीतील चार ओळी किंवा माळ्यावरील रुमालात बांधलेले एखादे मोडी पत्र ही या शोधाची साधने होत. ती हाती आली तरी अनेकांचा शोध तेथेच थांबतो, कारण त्या कागदांतील शब्द आज नित्याच्या व्यवहारात राहिलेले नाहीत. ‘बिन’, ‘कोम’, ‘तक्षीम’, ‘गतकुळ’, ‘ए. कु. मॅ.’ अशा शब्दांचा अर्थ ठाऊक नसल्यास हाती आलेला पुरावाही निरुपयोगी ठरतो. क्वचित त्याचा भलताच अर्थ लावला जातो.

हा शोध केवळ हौसेचा राहिलेला नाही. वारसाची नोंद, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, जातीच्या दाखल्याची पडताळणी अशा अनेक कामांसाठी वंशावळ सादर करावी लागते. जातीच्या दाव्यासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक महत्त्वाचे मानले जातात. त्यापूर्वीच्या नोंदींना पुराव्यात विशेष वजन असते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. तेव्हा मोडी व उर्दू कागद वाचू शकणाऱ्या जाणकारांची गरज जिल्ह्याजिल्ह्यांत भासली. शेदीडशे वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने लिहिलेल्या एका शब्दावर आजच्या विद्यार्थ्याचा प्रवेश अवलंबून असू शकतो. म्हणून या शब्दांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

नात्यांचे शब्द

जुन्या कागदात माणसाचे नाव सहसा ‘रामजी बिन सटवोजी’ असे येते. ‘बिन’ हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ ‘चा मुलगा’ असा आहे. म्हणजे रामजी हा सटवोजीचा मुलगा. ‘वलद’ किंवा ‘वल्लद’ या शब्दाचा अर्थही तोच. ‘कोम’ हा शब्द स्त्रीच्या नावापुढे येतो आणि त्यानंतर पतीचे नाव असते. ‘सगुणाबाई कोम रामजी’ म्हणजे रामजीची पत्नी सगुणाबाई. ‘कोम’ हे वडिलांचे नाव समजून वंशावळ मांडल्यास सून ही लेक ठरते आणि पुढची सारी मांडणी चुकते. ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘गं. भा.’ हे ‘गंगाभागीरथी’चे लघुरूप असून तेही विधवेच्या नावामागे लावीत. अशा नोंदीवरून त्या तारखेपूर्वी पतीचे निधन झाले होते, एवढे निश्चित समजते.

काही शब्द आजही वापरात आहेत, पण त्यांचा पूर्वीचा अर्थ निराळा होता. जुन्या पत्रात ‘त्यांचे कुटुंब वारले’ असे असेल तर पत्नी वारली असा अर्थ घ्यावयाचा असतो. ‘कबिला’ हा शब्दही पत्नी किंवा घरची बायकामाणसे या अर्थाने येतो. ‘आमचे वडील’ म्हणजे नेहमी जन्मदाते वडीलच असे नव्हे. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘पूर्वज’ असा असतो, तर ‘वडील भाऊ’ म्हणजे थोरला भाऊ. पत्राच्या मायन्यातील ‘तीर्थरूप’ हा शब्द वडिलांप्रमाणेच चुलत्यांना व थोरल्या भावालाही लिहीत. ‘चिरंजीव’ हा शब्द मुलगा, पुतण्या, धाकटा भाऊ अशा कोणाही लहानाला लागू पडे. केवळ मायन्यावरून बाप-लेकाचे नाते ठरविणे म्हणूनच धोक्याचे असते.

‘मूळ पुरुष’ म्हणजे ज्याच्यापासून घराण्याची ज्ञात वंशावळ सुरू होते तो पूर्वज. घराण्यातला तो पहिला माणूस असतोच असे नाही. ज्ञात माहितीची ती सीमा असते. ‘औरस’ म्हणजे पोटचा पुत्र आणि ‘दत्तक’ म्हणजे विधिपूर्वक घेतलेला. दत्तकामुळे मुलाचे गोत्र व आडनाव बदलते. त्यामुळे तोच मनुष्य एका कागदात एकाचा मुलगा आणि दुसऱ्या कागदात दुसऱ्याचा मुलगा म्हणून आढळतो. वतनदार घराण्यांत दत्तकाला सरकारची संमती घ्यावी लागे व त्यासाठी नजराणा भरावा लागे. त्यामुळे दत्तकाची नोंद दप्तरात सापडण्याचा संभव बराच असतो. ‘निपुत्रिक’ म्हणजे ज्याला पुत्र नाही असा आणि ‘निर्वंश’ म्हणजे ज्या शाखेचा वंश संपला ती शाखा. मात्र वंशावळीत पुरुषच मोजण्याची रीत असल्याने ‘निर्वंश’ म्हटलेल्या शाखेतही मुली व त्यांची संतती असू शकते, हे लक्षात ठेवावयास हवे.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. त्यामुळे एकाच घराण्यात ‘रामजी बिन सटवोजी’ आणि ‘सटवोजी बिन रामजी’ अशी नावे आलटून पालटून येतात. अशा वेळी सनावळीचा आधार घ्यावा. एका पिढीला सरासरी २५ ते ३० वर्षे धरण्याचा प्रघात आहे. चार पिढ्या तीस-चाळीस वर्षांत संपत असतील तर कोठेतरी भावाला मुलगा मानले गेले आहे, असे समजावे. न्यायनिवाड्यातील जबान्यांत ‘उमर वर्षे ४० अदमासे’ अशी वयाची नोंद असते. ती अंदाजाचीच असते, पण पिढ्यांचा ताळा पाहण्यास उपयोगी पडते.

आडनाव, कुळ आणि देवक

आडनाव हा शोधाचा पहिला धागा वाटतो, परंतु तो सर्वांत कच्चाही ठरू शकतो. जुन्या कागदांत पुष्कळ वेळा आडनाव नसतेच. व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव आणि हुद्दा किंवा व्यवसाय एवढ्यावर काम भागे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले ही मुळात पदांची नावे होत. एकाच गावातील एका घराण्याच्या पाटीलकी असलेल्या शाखेने ‘पाटील’ हे आडनाव घेतले आणि इतर शाखांनी मूळ कुळाचे आडनाव ठेवले, अशी उदाहरणे गावोगावी आहेत. उलट एका आडनावाच्या सर्वांचा मूळ पुरुष एकच असतो असेही नाही. गावाच्या नावाला ‘कर’ प्रत्यय लागून झालेली आडनावे सर्व जातिधर्मांत आढळतात. कोकणातील बेने इस्रायली समाजातही पेणकर, रेवदंडकर अशी आडनावे आहेत. असे आडनाव घराण्याच्या एका मुक्कामाचे गाव सांगते. तेच मूळ गाव असेल असे मात्र नाही. गाव सोडून दुसरीकडे गेल्यावरच त्या गावाच्या नावाने ओळखले जाण्याचे कारण पडते.

‘कुळ’ या शब्दाचे दोन अर्थ नीट वेगळे ठेवले पाहिजेत. घराण्याच्या चर्चेत कुळ म्हणजे वंश. जमिनीच्या कागदात मात्र ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. १९४८ च्या कूळकायद्यानंतरच्या आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतरच्या फेरफारांत हा दुसरा अर्थ वारंवार येतो. सातबाऱ्यावरील कुळाच्या रकान्यात पूर्वजाचे नाव आढळल्यास तो त्या वेळी त्या जमिनीचा कसणारा होता, मालक नव्हे, असा त्याचा अर्थ होतो.

‘गोत्र’ आणि ‘प्रवर’ ऋषिपरंपरेशी जोडलेले आहेत. ‘देवक’ हे मराठा व इतर अनेक समाजांत विवाहप्रसंगी पूजले जाणारे कुलचिन्ह आहे. कळंब, पंचपल्लव, वासनवेल, मोराचे पीस ही त्याची काही उदाहरणे होत. समान देवक असलेल्या घरांत सोयरीक न करण्याची रूढी असल्यामुळे आडनावे बदलली तरी देवकाची आठवण टिकून राहिली. ‘कुलस्वामी’ आणि ‘कुलस्वामिनी’ यांवरूनही दिशा मिळते. जेजुरीचा खंडोबा किंवा तुळजापूरची भवानी ही असंख्य घराण्यांची दैवते असल्याने त्यांवरून फारसे काही ठरत नाही. पण एखाद्या लहान गावचे ग्रामदैवत दूरच्या घराण्याचे कुलदैवत असेल, तर त्या गावाशी पूर्वसंबंध असण्याचा तो चांगला संकेत असतो.

गावाची ओळख

जुन्या नोंदीत गावाचे नाव एकटे येत नाही. ‘मौजे’ म्हणजे साधे खेडे, ‘कसबा’ म्हणजे बाजारपेठ असलेले परगण्याचे मुख्य गाव आणि ‘पेठ’ म्हणजे व्यापारासाठी वसविलेली वस्ती. काही गावांचा मिळून ‘तर्फ’ किंवा ‘कर्यात’, त्याहून मोठा ‘परगणा’ आणि त्यावर ‘सुभा’ अशी सामान्यतः रचना असे. एकाच नावाची अनेक गावे असल्याने परगण्याचे नाव पाहिल्याखेरीज गाव निश्चित करू नये. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे हा भेदही विसरू नये. मोडी कागदांत हे शब्द संक्षेपाने लिहितात. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘त॥’ म्हणजे तर्फ, ‘प॥’ म्हणजे परगणे. ‘मौजे मजकूर’ असे दिसल्यास ‘मजकूर’ नावाचे गाव शोधू नये. वर उल्लेखिलेले गाव, एवढाच त्याचा अर्थ आहे.

घराण्याच्या स्थलांतराचा कागदोपत्री पुरावा देणारे तीन शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. दुष्काळ, स्वारी किंवा कर्जबाजारीपणा यांमुळे गाव सोडून गेलेल्यास ‘परागंदा’ म्हणत. ज्या जमिनीचे धारक घराणे संपले किंवा निघून गेले ती जमीन ‘गतकुळी’ ठरे. आणि ज्या गावात दिवा लावण्यासही कोणी उरले नाही ते गाव ‘बेचिराग’ होय. पूर्वजांचे गाव आज नकाशावर सापडत नसेल तर ते बेचिराग झाले असण्याची शक्यता पडताळावी. महसुली नकाशांत अशा गावांची शिवारे पुष्कळ ठिकाणी त्याच नावाने राहिलेली आहेत.

वतन आणि त्याचे कागद

गावगाड्यातील पिढीजाद काम आणि त्याबद्दल मिळणारे उत्पन्न म्हणजे ‘वतन’. पाटील, कुलकर्णी, महार, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट अशा सर्वांची वतने होती. वतन विभागले जाई आणि त्याच्या वाट्याला ‘तक्षीम’ म्हणत. ‘निमे तक्षीम’ असा उल्लेख आला तर वतनाचा अर्धा वाटा आणि बहुधा घराण्याची एक शाखा असा बोध होतो. जमिनीचा वंशपरंपरागत धारक तो ‘मिरासदार’ किंवा ‘थळकरी’. बाहेरून येऊन कसणारा तो ‘उपरी’. ‘थळ’ म्हणजे गावातील मूळ घराण्याची जमीन. ‘थळझाडा’ या कागदात गावाची थळे व त्यांचे धारक दिलेले असतात. मूळ धारकाचे घराणे संपल्यावरही थळ त्याच्याच नावाने चालत राही. त्यामुळे नाहीशा झालेल्या घराण्यांची नावेही थळझाड्यात सापडतात.

‘सनद’ म्हणजे राजाने किंवा सरकारने दिलेले अधिकारपत्र, ‘इनामपत्र’ म्हणजे करमाफ जमिनीच्या दानाचा लेख. यांत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ उपभोग घ्यावा असा शब्दप्रयोग असतो. वतनाबद्दल तंटा झाला म्हणजे गोतसभा किंवा मजालस भरे आणि तिचा निर्णय ‘महजर’ या कागदात लिहिला जाई. त्यावर उपस्थितांची नावे असत. ज्यांना लिहिता येत नसे ते ‘निशाणी’ करीत. पाटलाची निशाणी नांगर ही सर्वपरिचित आहे. वंशशोधाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद मात्र ‘करीना’. तंट्यातील पक्षकाराने आपल्या घराण्याची हकीकत मूळ पुरुषापासून सांगितलेली असते, ती हीच. कोणाचे कोण, कोणी गाव सोडले, कोणाला दत्तक घेतले हे सर्व त्यात येते. तथापि ती एका पक्षाची बाजू असते. म्हणून प्रतिपक्षाचा करीना आणि शेवटचा ‘निवाडा’ ताडून पाहिल्याखेरीज त्यावर भिस्त ठेवू नये.

इंग्रजी अमलात इनामांची छाननी झाली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क कागदपत्रांनिशी सिद्ध करावा लागला. त्या निमित्ताने सादर झालेल्या ‘कैफियती’ आणि वंशावळी सरकारी दप्तरात जमा झाल्या. स्वातंत्र्योत्तर काळात परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने नाहीशी झाली. वतन गेले, पण ते रद्द होताना झालेले फेरफार आज वारसांची नावे सांगतात.

चार सन, एक दिवस

तारखेचा घोळ हा शोधकाच्या मार्गातील मोठा अडसर होय. मराठी कागदांत शालिवाहन शक, फसली सन, सुहूर सन आणि राज्याभिषेक शक अशा चार प्रकारे वर्ष दिलेले असू शकते. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. जानेवारी ते चैत्रारंभ या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. दख्खनी फसलीत ५९० व सुहूर सनात ५९९ मिळवावे. या दोन्ही सनांचा आरंभ मृग नक्षत्रावर, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात होत असल्याने पुढील जानेवारी ते मे या महिन्यांसाठी त्यात आणखी एक वर्ष धरावे. राज्याभिषेक शक, अर्थात राजशक, शिवछत्रपतींच्या १६७४ मधील राज्याभिषेकापासून सुरू झाला.

सुहूर सन अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहीत. एकक आधी, मग दशक, शतक व सहस्र असा त्याचा क्रम असतो. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, आर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे आणि अलफ हजार. एवढे शब्द पाठ केले तर बहुतेक पेशवेकालीन कागदांचे वर्ष लावता येते.

पानिपतच्या लढाईचे उदाहरण घेऊ. इसवी सन १७६१, जानेवारीची १४ तारीख. त्या दिवशी शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी होती. १६८२ मध्ये ७९ मिळविले की १७६१ येतात. सुहूर सन होता ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे १ अधिक ६० अधिक १०० अधिक १०००, एकूण ११६१. त्यात ५९९ मिळविले की १७६० येतात, आणि महिना जानेवारीचा असल्याने वर्ष १७६१ ठरते. फसली सन ११७० आणि राजशक ८७ होता. फसली सन सुहूर सनापेक्षा नेहमी ९ ने अधिक असतो, हा ताळाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘शु.’ म्हणजे शुद्ध पक्ष, ‘व.’ म्हणजे वद्य पक्ष. तारखेपूर्वी येणारे ‘छ’ हे अक्षर मुसलमानी महिन्याचा चंद्र दर्शविते. साठ संवत्सरांचे चक्र फिरत असल्याने केवळ संवत्सराच्या नावावरून वर्ष ठरत नाही. पण शकाचा अंक पुसट असेल तर ते नाव साक्षीला येते.

महसुली नोंदींची भाषा

सर्वसामान्य शेतकरी कुटुंबाला सनदा आणि महजर मिळतीलच असे नाही. त्याचा खरा आधार महसुली दप्तर होय. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांची जमीनमोजणी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू झाली आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. या नोंदींतील ‘गाव नमुना ७’ व ‘गाव नमुना १२’ मिळून आजचा सातबारा होतो. त्यात वर्तुळात लिहिलेला आकडा फेरफाराचा क्रमांक असतो. वंशशोधाची किल्ली त्या क्रमांकातच आहे. ‘गाव नमुना ६’ ही फेरफार नोंदवही. त्यातील वारसाची नोंद ‘वर्दी’ या शब्दाने सुरू होते. अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, त्यांस वारस विधवा अमुक, मुलगे अमुक, मुली अमुक, असा तिचा मजकूर असतो. अशी एक नोंद म्हणजे दोन पिढ्यांची वंशावळच होय. एका फेरफारावरून मागच्या फेरफाराकडे जात राहिल्यास अनेक कुटुंबांना विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोहोचता येते. वारसांच्या प्रकरणांसाठी ‘गाव नमुना ६ क’ ही वेगळी नोंदवही आहे.

उताऱ्यावरील लघुरूपे समजून घेतली पाहिजेत. ‘ए. कु. मॅ.’ किंवा ‘ए. कु. क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक किंवा कर्ता. त्याचे एकट्याचे नाव दिसले तरी जमीन त्याच्या एकट्याची नसते. तेथे भावांची नावे शोधावयाची असतात. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. ज्याच्या नावापुढे ते असेल तो त्या वेळी वयाने सज्ञान नव्हता. यावरून जन्मवर्षाचा अंदाज बांधता येतो. ‘हक्कसोड’ म्हणजे वारसाने, बहुधा बहिणीने, भावांच्या लाभात सोडलेला हक्क. ‘इतर हक्क’ या रकान्यात बहिणींची व विधवांची नावे पुष्कळदा सापडतात.

जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी पश्चिम महाराष्ट्रात ‘गाव नमुना १४’ आणि विदर्भात ‘कोतवाल बुक’ पाहावे. या नोंदींत वडिलांचे नाव व जात लिहिलेली असे. पूर्वी बाळाचे बारसे होण्याआधीच नोंद होत असल्याने नावाच्या जागी ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. अशा वेळी वडिलांचे नाव आणि तारीख यांवरून ओळख पटवावी लागते. शाळेच्या ‘प्रवेश-निर्गम उताऱ्या’त जन्मतारीख, जात व गाव असते. मात्र तेथील जन्मतारीख पालकांनी अंदाजे सांगितलेली असणे अशक्य नाही.

विभागवार भेदही ध्यानी घ्यावा. मराठवाडा निजामी राज्यात असल्याने तेथील जुन्या नोंदी उर्दूत आहेत. तेथे ‘सेतवार’ आणि १९५४-५५ च्या सुमारास तयार झालेले ‘खासरा पत्रक’ यांना महत्त्व आहे. पूर्व विदर्भात मालगुजारी पद्धत होती. तेथे बंदोबस्ताची ‘मिसल’ आणि ‘अधिकार अभिलेख’ पाहावे लागतात. गोव्यात गावच्या मूळ वसाहतकारांना ‘गावकर’ म्हणत आणि त्यांच्या सामाईक संस्थेला पोर्तुगीज अमलात ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले. तेथील गावकरीचा हक्क पुरुषपरंपरेने चालत असल्याने त्या नोंदींवरून वंश लावता येतो. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात शर्तबंद मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या नोंदी तेथील मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत.

न लिहिलेली अर्धी वंशावळ

परंपरेने लिहिलेल्या वंशावळींत स्त्रिया जवळजवळ नसतात. वडील, मुलगा, नातू अशी रांग असते. आई, बहीण, लेक यांची नावे गळालेली असतात. विवाहानंतर नाव बदलण्याच्या चालीमुळे माहेरचे नाव तर दुर्मीळच. या उणिवेला कायदेशीर परिणामही आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वारस मानले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केलेल्या सुधारणांनी सहदायिकीतही त्यांना वाटा मिळाला. वंशावळीत लेकीचे नाव नसणे म्हणजे तिचा हक्क दृष्टिआड होणे होय. म्हणून नवी वंशावळ मांडताना वारस फेरफार, ‘इतर हक्क’, हक्कसोडपत्रे आणि ‘कोम’ असलेल्या नोंदी यांतून स्त्रियांची नावे हेतुपुरस्सर गोळा करावीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत नावानंतर आधी आईचे व मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. पुढच्या पिढ्यांतील शोधकांना त्यामुळे ही उणीव जाणवणार नाही.

वह्या, हेळवी आणि मोडी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे पिढ्यानपिढ्या नोंदविलेली असतात. तेथे गाव सांगितल्याखेरीज केवळ आडनावावरून शोध लागणे अवघड असते. कोल्हापूर, सांगली या भागात आणि सीमेपलीकडील कर्नाटकात ‘हेळवी’ समाजाचे लोक ठरलेल्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. ते गावोगाव फिरतात, घरी येऊन पिढ्या वाचून दाखवितात, नव्या जन्मांची नोंद करून घेतात आणि धान्य वा बिदागी घेऊन पुढे जातात. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी ‘कुलवृत्तांत’ छापले. त्यांतील अलीकडच्या पिढ्या बहुधा भरवशाच्या असतात, परंतु मूळ पुरुषाविषयीच्या कथांना कागदाचा आधार आहे की नाही, हे स्वतंत्रपणे पाहावे.

या सर्व शोधात मोडी लिपी आड येते. मोडीत शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली सलग अक्षरे लिहीत. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. तरी ती मराठीचीच लिपी आहे. भाषा परकी नसल्यामुळे काही महिन्यांच्या सरावाने छापील उदाहरणे आणि वर्षभराच्या चिकाटीने सामान्य कागद वाचता येऊ लागतात. शब्दसंग्रह ठाऊक असेल तर वाचन अधिक सोपे होते, कारण ‘बिन’, ‘मौजे’, ‘परगणे’, ‘तक्षीम’ हेच शब्द पुनःपुन्हा येतात.

शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे पुराभिलेखागारे आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात प्रसिद्ध पेशवे दप्तर आहे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. १९१० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही घराण्यांची अनेक दप्तरे आहेत. शोधाचा क्रम मात्र घरापासून सुरू व्हावा. आधी वृद्धांच्या आठवणी तारखेसह लिहून घ्याव्यात, मग सातबारा व फेरफार, त्यानंतर शाळा व जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शेवटी पुराभिलेखागार. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदात मिळाले, हे टिपून ठेवावे. आधार नसलेले नाव पेन्सिलीने लिहावे, म्हणजे पुढे दुरुस्त करता येते.

घरातील जुने कागद ओलावा, वाळवी आणि निष्काळजीपणा यांमुळे दरवर्षी नष्ट होत आहेत. ते चिकटपट्टीने जोडू नयेत, प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळू नयेत. स्वच्छ सुती रुमालात, कोरड्या जागी ठेवावेत आणि त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत. वाचता येत नाही म्हणून रद्दीत गेलेला कागद कदाचित एखाद्या कुटुंबाच्या हक्काचा एकमेव पुरावा असतो. तो जपण्याचे काम कोणत्याही कार्यालयापेक्षा घरच्या माणसांच्याच हाती अधिक आहे.